पोटगीची रक्कम बदलायची, तर खर्च किती?

नोकरी गेली, पगार कापला किंवा उलट बढती मिळाली, तरी मुलाच्या पोटगीचा आकडा आपोआप हलत नाही. नवा हुकूम होईपर्यंत जुनाच लागू. दरमहा 8,000 ठरलेल्या बापाने सहा महिने 4,000च दिले, तर 24,000 थकले. त्यासाठी वॉरंट निघते, तुरुंगवासही घडतो. अर्जाआधीची थकबाकी सहसा माफ होत नाही. म्हणून उत्पन्न आटले की लगेच अर्ज करा. तोवर जमेल तेवढे भरा, आणि बँकेतूनच.

अर्ज करायचा तो हुकूम देणाऱ्या कोर्टात. तंजावरात बहुधा कुटुंब न्यायालयात. हुकूम जुन्या फौजदारी संहितेच्या कलम 125 खालचा असेल, तर 1 जुलै 2024 पासून बदलासाठी नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 146 पाहावे. हिंदू विवाह कायद्याखालचा असेल, तर मुलांपुरते कलम 26.

कोर्टाचे मुद्रांक किरकोळ. खरा खर्च वकिलाचा. त्याला ठरावीक दर नाही. अर्ज लिहिण्याचे किती, तारखेचे किती, नकला-टायपिंगचे किती, हे आधीच कागदावर घ्या. आई किंवा मूल अर्जदार असेल, तर उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो, हेल्पलाइन 15100. हा मार्ग सोडून आधीच कर्ज काढणे मला तरी पटत नाही.

तंजावरच्या मराठी कुटुंबांनी आणखी एक खर्च धरावा. सरफोजीराजांच्या गावात मोडीचे दप्तर जपलेले आहे, पण कोर्टाचे काम तमिळमध्ये चालते. पुण्या-कोल्हापूरकडचा मराठी हुकूम किंवा दाखला असेल, तर भाषांतराचे पैसे आणि दिवस वेगळे.

पुराव्यात मात्र कसर करू नका. रजनीश विरुद्ध नेहा हे प्रकरण नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेले. त्यात 4 नोव्हेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंना मालमत्ता व देण्यांचे शपथपत्र सक्तीचे केले. पगारपत्रके, बँक खाते, आयकर विवरण, कामावरून कमी केल्याचे पत्र जोडा. आईने मुलाच्या शाळेच्या, औषधांच्या पावत्या जोडाव्यात. केवळ ‘निवृत्त झालो’ म्हणून भागत नाही: शमीमा फारुकी प्रकरणात (2015) निवृत्तीच्या कारणाने हायकोर्टाने 4,000ची पोटगी 2,000 केली होती; सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा 4,000 केली. उलट बाजूही आहे. 2017च्या एका निकालात नवऱ्याचा निव्वळ पगार वाढला म्हणून हायकोर्टाने रक्कम 16,000 वरून 23,000 केली; दुसऱ्या संसाराचा भार पाहून सर्वोच्च न्यायालयाने ती 20,000 वर आणली.

निकाल पटला नाही, तर तंजावरकरांचे हायकोर्ट म्हणजे मदुराई खंडपीठ. तिथला वकील आणि प्रवास हा निराळा खर्च. आणि पोटगी घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे: नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 (जुने 125) खालच्या थकबाकीसाठी वॉरंट हवे, तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.