'डायरेक्ट' म्हणजे थेट नव्हे

देवगडच्या एका बागायतदाराच्या हापूसची ऑनलाइन विक्री मी दोन हंगाम सांभाळली. पहिल्या हंगामाच्या शेवटी कुठली ऑर्डर कुठून आली याचा सॉफ्टवेअरचा रिपोर्ट काढला, तर निम्म्याहून जास्त ऑर्डरींपुढे 'डायरेक्ट' लिहिलेलं. व्हॉट्सॲपच्या नावावर जेमतेम दहा-बारा. घरच्या वहिनी रोज सकाळी पेट्यांचे फोटो आणि त्या दिवसाचा भाव ग्रुपवर टाकायच्या. "वहिनी, त्यातून काही येत नाहीये, राहू द्या," असं मी त्यांना सांगितलं आणि सगळा भर जाहिरातींवर दिला. पुढच्या हंगामात पहिल्या तीन आठवड्यांतच ऑर्डरी उतरल्या. पिकलेला आंबा तुमच्यासाठी थांबत नाही. त्या घराचं नुकसान माझ्या सल्ल्यामुळे झालं, आणि ते मला अजून लागतं.

चूक एका शब्दाच्या अर्थात होती. 'डायरेक्ट' म्हणजे माणूस पत्ता टाइप करून थेट आला, असं मी धरून चालले. सॉफ्टवेअर प्रत्यक्षात सांगत होतं, की हा कुठून आला ते मला कळलं नाही. एका साइटवरून दुसरीकडे जाताना ब्राउझर मागच्या साइटचा पत्ता सोबत देतो, त्याला रेफरर म्हणतात. व्हॉट्सॲपमधून लिंक उघडली तर मागे वेबपान नसतंच. म्हणून लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्ह घालून यूटीएमचं, म्हणजे ती कुठे टाकली होती ते सांगणारं, शेपूट जोडतात. ते मी जोडलं होतं, त्यामुळे निर्धास्त होते.

शेवटी वहिनींच्या शेजारी बसून त्यांच्याच मोबाइलवर लिंक दाबली. पान उघडलं, आणि वरच्या पट्टीत नुसता साइटचा पत्ता. शेपूट गेलेलं! आमच्या लिंकमध्ये डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नव्हतं. सर्व्हर तिला डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेल्या पत्त्यावर वळवत होता आणि वळवताना प्रश्नचिन्हापासून पुढचं सगळं टाकून देत होता. रिपोर्टातल्या त्या दहा-बारा ऑर्डरी पूर्ण पत्ता असलेल्या एका लिंकवरून आल्या होत्या. दुरुस्ती एका ओळीची होती.

म्हणून लिंक पाठवण्याआधी ती स्वतःच्या मोबाइलवर दाबा आणि पान पूर्ण उघडल्यावर पत्ता वाचा. मग तिथूनच एक खोटी ऑर्डर टाका आणि सॉफ्टवेअरमध्ये तिच्यापुढे काय आलंय ते पाहा. कुकीच्या परवानगीची पट्टी असेल, तर एकदा 'मान्य' न करताही करून बघा. गिऱ्हाईक कुठून आलं ते टिपणारा आमच्या साइटवरचा ट्रॅकिंगचा कोड परवानगीनंतरच चालू व्हायचा. तोवर गिऱ्हाईक दुसऱ्या पानावर गेलेलं असे आणि त्या पानाच्या पत्त्यात शेपूट नसे.

दोन गोष्टी मात्र तुमच्या हातात नाहीत. ॲडब्लॉकर असला तर तो कोड बऱ्याचदा चालतच नाही. आणि आयफोनवरचा सफारी 2019 पासून कोडनं ठेवलेली कुकी सात दिवसांत पुसतो. आंब्याच्या धंद्यात याचा फटका मोठा, कारण लोक पाडव्याला भाव बघून ठेवतात आणि पेटी मागवतात अक्षय्य तृतीयेला. मध्ये महिना जातो. महिन्याभरानं तोच माणूस परत आला, तरी सॉफ्टवेअरच्या लेखी तो नवा असतो.

फोनवरच्या ऑर्डरी एक्सेलमधून चढवताना तर स्रोत आपणच लिहायचा असतो, तिथे कोडचा संबंध नाही. तोही एकाच पद्धतीनं लिहा. इंग्रजीत कॅपिटल अक्षर बदललं, तरी रिपोर्टात दोन वेगळे रकाने होतात.

वहिनींनी ग्रुप पुन्हा सुरू केला. ऑर्डरच्या फॉर्मवर मी एक साधा प्रश्न घातला: 'आमच्याबद्दल कुठून कळलं?' पहिल्याच आठवड्यात डोंबिवलीच्या एका बाईंनी लिहिलं, 'बहिणीनं व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं, पाडव्यालाच बघून ठेवलेलं.' त्यांच्या ऑर्डरीपुढे सॉफ्टवेअरनं लिहिलं होतं, 'डायरेक्ट'.