ग्रामीण ग्रंथालये आणि अनुदिनी : नांदेड व लातूर जिल्ह्यांतील वाव

सार्वजनिक ग्रंथालय हे लोकशिक्षणाचे साधन होय, हे आता सर्वमान्य झाले आहे. मात्र ज्यांच्यासाठी हे साधन आहे त्यांच्यापर्यंत ते कितपत पोहोचते, हा प्रश्न प्रत्येक पिढीला नव्याने सोडवावा लागतो. मराठवाड्यास या प्रश्नाची ऐतिहासिक पार्श्वभूमी आहे. निजामी राजवटीत मराठी शिक्षणाची कुचंबणा झाली आणि वाचनालये ही लोकजागृतीचीही केंद्रे ठरली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हा प्रदेश मुक्त झाला. १९५५ मध्ये हैदराबाद राज्याने ग्रंथालयांसाठी कायदा केला. पुढे महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ अन्वये शासनमान्य ग्रंथालयांची वर्गवारी व अनुदान यांची व्यवस्था झाली.

अशा ग्रंथालयांत ग्रंथ असतात. परंतु ते आहेत ही माहिती कपाटाबाहेर जात नाही. किनवटसारखा तालुका नांदेड शहरापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. तेथील स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्याने हवे ते पुस्तक कोठे मिळेल हे शोधण्यासाठी किती हेलपाटे घालावेत? वाचकाचा वेळ वाचवावा, हे डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी एक आहे. ते आचरणात आणण्याचा एक अल्पखर्ची मार्ग म्हणजे ग्रंथालयाची अनुदिनी, अर्थात ब्लॉग.

अनुदिनीचे स्वरूप

अनुदिनी ही संकेतस्थळावरील दिनांकवार नोंदवही होय. नवी नोंद सर्वांत वर दिसते, जुन्या नोंदी महिन्यांनुसार जतन होतात आणि विषयवार शोधता येतात. विनामूल्य सुविधा उपलब्ध असल्याने संगणकतज्ज्ञाची गरज भासत नाही. इंटरनेट असलेला मोबाइल पुरतो. व्हॉट्सअॅपच्या समूहावरील सूचना दोन दिवसांत इतर संदेशांखाली दडपली जाते. अनुदिनीतील नोंद मात्र वर्षानंतरही सापडते. म्हणून नोंद अनुदिनीत करावी व तिचा दुवा तेवढा समूहावर पाठवावा.

एक दक्षता आवश्यक आहे. मजकूर युनिकोड देवनागरीतच टंकलिखित करावा. जुन्या अक्षरसंचांतील मजकूर किंवा फलकाचे छायाचित्र शब्दांवरून शोधण्यास निरुपयोगी ठरते.

कोणत्या नोंदी कराव्यात

पहिले काम नव्याने दाखल झालेल्या ग्रंथांचे. ग्रंथनाम, लेखक, विषय, दाखल क्रमांक आणि दोन ओळींचा परिचय एवढे पुरेसे आहे. दुसरे काम भरती व परीक्षांविषयीच्या अधिकृत सूचनांचे. येथे ऐकीव माहिती न देता मूळ संकेतस्थळाचा दुवा व अंतिम दिनांक द्यावा.

तिसरे काम अधिक मोलाचे आहे, ते म्हणजे स्थानिक इतिहासाचे संकलन. मुक्तिसंग्राम पाहिलेली पिढी आता अस्तंगत होत आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेला भूकंप, २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने आलेले पाणी, २०२२ मध्ये उदगीर येथे भरलेले ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन, या घटनांच्या आठवणी गावकऱ्यांकडे आहेत. त्या त्यांच्या संमतीने, दिनांक व स्थळासह आजच लिहून घेतल्या नाहीत, तर पुढे कोणत्याही ग्रंथात सापडणार नाहीत.

सीमाभागातील देगलूर, धर्माबाद, उदगीर येथे मराठीबरोबर उर्दू, तेलुगू, कन्नड याही भाषा कानी पडतात. त्या भाषांतील ग्रंथांच्या नोंदी त्या त्या लिपीत केल्यास वाचकवर्ग विस्तारेल.

कायद्याचे भान

संपूर्ण पुस्तक छायांकित करून अनुदिनीवर ठेवणे सर्वच बाबतींत कायदेशीर नाही. भारतात लेखकाच्या हयातीत प्रकाशित झालेल्या साहित्यावरील हक्क त्याच्या निधनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर यांचे निधन १९८२ मध्ये झाले. त्यामुळे त्यांच्या हयातीतील ग्रंथ २०४२ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. त्यांचा परिचय मात्र अवश्य लिहावा. तसेच कोणत्या सभासदाने कोणते पुस्तक नेले, त्याचा भ्रमणध्वनी क्रमांक कोणता, ही माहिती कदापि प्रसिद्ध करू नये. वाचकांच्या प्रतिक्रिया ग्रंथपालाने वाचून मगच प्रकाशित कराव्यात.

सातत्य कसे राखावे

असे उपक्रम बंद पडण्याचे मुख्य कारण म्हणजे ते एका उत्साही व्यक्तीवर अवलंबून असतात. ती व्यक्ती बदलीवर गेली की परवलीचा शब्दही तिच्याबरोबर जातो. म्हणून खाते ग्रंथालयाच्या नावे उघडावे, परवलीचा शब्द कार्यवाह व ग्रंथपाल या दोघांकडे असावा, आणि दर तीन महिन्यांनी मजकुराची प्रत संगणकावर घ्यावी. कार्यकारी मंडळाने तसा ठराव करून आठवड्याला किमान एक नोंद निश्चित करावी.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून पुस्तक-परिचय लिहून घ्यावेत. जेथे भारतनेटची जोडणी कार्यरत आहे, तेथे ग्रामपंचायतीने ती ग्रंथालयास उपलब्ध करून द्यावी. ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांच्यासाठी प्रत्येक नोंदीची छापील प्रत ग्रंथालयाच्या व पंचायतीच्या फलकावर लावावी. अन्यथा नवे साधन नवी विषमता निर्माण करील.

यंत्र ग्रंथपालाची जागा घेणार नाही. त्याने जमविलेले ज्ञान शेवटच्या गावापर्यंत नेण्याचे काम मात्र ते करू शकते. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. आठवड्याचा एक तास आणि एक ठराव लागतो.