कूलरचा हात इपॉक्सीला चालत नाही

फायबरचं काम जाणणारे हात आमच्या भागात पुष्कळ आहेत. उन्हाळा तोंडावर आला की कूलरच्या बॉड्या आणि फुटक्या टाक्या सांधणारे कारागीर गावोगाव फिरतात. त्यामुळे करडीच्या आसपास कुणी थर्माकोलची तरंगती फळी करायला घेतली की सल्ला तयारच असतो, "कूलरवाल्याले बोलवा न जी, अर्ध्या दिवसात फायबर चढवून देते." कारागीर कामात वाकबगार असतो, सल्ला देणाऱ्याचा हेतूही चांगला असतो, आणि फळी मात्र वाया जाते. माझ्या अंगणात हेच झालं आणि पुढे इतरांच्याही अंगणात पाहिलं.

आधी फळी कशासाठी, ते सांगतो. करडी मोहाडी तालुक्यातलं, वैनगंगेच्या पूर्वेकडचं गाव. भंडारा तलावांचा जिल्हा. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले तलाव, ज्यांना आज माजी मालगुजारी तलाव म्हणतात, आणि शेताशेतातल्या बोड्या, यांच्या पाण्यावर इथलं धान, मासोळी आणि शिंगाडा निघतो. जाळं लावायला किंवा शिंगाडा तोडायला डोंगा लागतो, पण छोट्या तलावावर एकट्याने डोक्यावर नेता येईल असं हलकं साधन बरं पडतं. उघडा थर्माकोल काही दिवसांत कडेने झिजतो, त्याचे मणी पाण्यात सुटतात. समुद्रावर लाटांवर स्वार होणारे लोक यावर काचेच्या कापडाचं कवच चढवतात. कॅलिफोर्नियातली क्लार्क फोम ही सर्फबोर्डसाठी पॉलियुरेथेन फोम पुरवणारी मोठी कंपनी डिसेंबर २००५ मध्ये अचानक बंद झाली, तेव्हापासून थर्माकोल आणि इपॉक्सीच्या फळ्यांना तिकडे जोर आला. तीच रीत तलावावर चालते. दहा फूट लांब, अडीच फूट रुंद, साडेचार इंच जाड फळी कडा गोल केल्यावर साधारण पावणेदोनशे लिटर भरते. एक लिटर म्हणजे जवळपास एक किलोचा भार, म्हणजे माणूस, ओलं जाळं आणि टोपली धरूनही ती वर राहते.

आता मुद्द्याचं. कूलरवाला वापरतो ते पॉलिएस्टर रेझिन. त्यात स्टायरिन असतं आणि स्टायरिन थर्माकोलला खातं. ब्रश फिरवताच पांढरा ठोकळा खचत जातो. रबर सोल्यूशन आणि स्प्रेच्या रंगाचाही हाच परिणाम. थर्माकोलवर चालतं ते इपॉक्सी रेझिन, आणि ते आणलं की दुसरी अडचण सुरू होते. पॉलिएस्टरचा हार्डनर विरजणासारखा: एक-दोन टक्के पुरतो, थोडा वाढवला तर लवकर जमतं. कारागिराच्या हाताला हीच सवय. इपॉक्सीचा हार्डनर मात्र रेझिनशी जोडून स्वतः त्या कवचाचा भाग होतो. जास्त घातला तर उरलेला तसाच राहतो आणि फळी महिनाभर चिकट राहते. कमी घातला तरी तेच. काही जोड्यांत १०० ग्रॅमला १० ग्रॅम, काहींत १०० ला ५०. हे माप वजनाचं की आकारमानाचं, तेही डब्यावर वाचायचं. १०० ला १० असेल तर दोन ग्रॅमची चूक म्हणजे वीस टक्क्यांची चूक. म्हणून छोटा डिजिटल काटा घ्या. सुट्या बाटलीत, चिठ्ठीशिवाय मिळणारा माल कितीही स्वस्त असला तरी नको. कूलरवाला पॉलिएस्टरसाठी आणतो ती कोबाल्टची बाटली तर जवळही ठेवू नका. इपॉक्सीला त्याची गरज नाही, आणि पॉलिएस्टरच्या हार्डनरमध्ये ते थेट पडलं तर स्फोट होऊ शकतो.

काचेच्या मॅटचंही तसंच. कूलरच्या बॉडीला लावतात त्या मॅटमधले काचधाग्यांचे तुकडे ज्या चिकटीने धरलेले असतात, ती सहसा स्टायरिनमध्ये विरघळण्यासाठी बनवलेली असते. इपॉक्सीत ती नीट विरघळत नाही, मग मॅट ताठ राहते आणि कडेवर बसत नाही. विणलेलं काचकापड घ्या, चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचं. खालून एक थर, वरून दोन, कारण गुडघे वरच टेकतात. जेवढं कापडाचं वजन तेवढंच इपॉक्सी. जास्तीचं मजबुती देत नाही, फक्त जड करतं. प्लास्टिकच्या पट्टीने ते मधून कडेकडे ओढत न्या. कापड पारदर्शक दिसलं की थांबा. टोकांच्या गोलाईवर कापडाला कात्रीने चिरा द्या, नाहीतर सुरकुती उरते आणि पाणी तिथूनच शिरतं. थर्माकोलची भोकं आधी इपॉक्सी आणि मायक्रोबलूनच्या (पोकळ, बारीक मण्यांच्या पुडीच्या) लगद्याने भरलेली असली तर एवढ्या फळीला सगळं मिळून तीनेक किलो मिश्रण पुरतं.

खरी परीक्षा आमच्या हवेची. कालवलेलं मिश्रण वापरायला डब्यावर 'वीस मिनिटे' लिहिलेलं असतं ते २५ अंशांचं. तापमान वाढेल तसा दर दहा अंशांना हा वेळ साधारण निम्मा होतो, म्हणजे नवतप्यात पाचेक मिनिटं. त्यात मगभर मिश्रण एकत्र राहिलं तर स्वतःच्याच उष्णतेने उकळतं, धूर सोडतं, आणि फळीवर सांडलं तर थर्माकोल वितळवतं. थोडं थोडं कालवा, दोन मिनिटं कडा खरवडत ढवळा आणि लगेच पसरट ताटात ओता. मिश्रण धुरावलं तर ते भांडं घराबाहेर मोकळ्या मातीवर ठेवून दूर व्हा.

वेळ निवडा ती दिवस उतरतानाची. सकाळी ऊन चढत असताना थर्माकोलमधली हवा फुगते आणि ओल्या कापडाखाली बुडबुडे उठतात. संध्याकाळी थर्माकोल थंड होत जातो, हवा आकुंचन पावते आणि कापड आत ओढलं जातं. पावसाळ्यात दमट हवेमुळे काही हार्डनर वर मेणचट थर सोडतात. तो आधी साध्या पाण्याने आणि घासणीने धुवा, मगच पॉलिश पेपर लावा. आधी घासलात तर मेण आत रगडलं जातं आणि पुढचा थर सुटतो. पहिला थर किंचित चिकट असतानाच दुसरा दिला तर घासण्याची वेळच येत नाही. आमच्याकडे दिवाळीनंतरचे दिवस या कामाला सर्वात चांगले.

अंगाची काळजी कूलरवाले करत नाहीत, कारण काचेची खाज त्यांना सवयीची झालेली असते. इपॉक्सीची ॲलर्जी वेगळी: ती एकदा जडली की सहसा जन्मभर राहते, आणि मग थोड्याशा स्पर्शानेही अंगावर उठते. नायट्राइलचे हातमोजे घाला. हाताला लागलं तर साबणाने धुवा. थिनरने पुसलं तर रसायन कातडीत आणखी आत जातं. घासताना धुळीचा मास्क लावा, खाली ताडपत्री अंथरा आणि सगळे मणी गोळा करा, तलावात जाऊ देऊ नका.

फळी पूर्ण झाली की दोन कामं राहतात. इपॉक्सी उन्हाने पिवळं पडतं आणि भुरभुरतं, म्हणून पांढरा रंग द्या. काळ्या-निळ्या रंगाची फळी मे महिन्यात तापून आतल्या हवेने फुगते आणि कवच सुटतं. वरच्या बाजूला एक छोटं भोक आणि त्याला स्क्रूचं बूच ठेवा. उन्हात ठेवताना बूच काढायचं, पाण्यात जाताना घट्ट लावायचं. आणि तडा गेला तर दुरुस्ती इपॉक्सीनेच. एकाने पॉलिएस्टरचं ठिगळ लावून घेतलं होतं. वरून फळी गुळगुळीत दिसत होती, आत मुठीएवढी पोकळी झाली होती.

म्हणून कारागिराला बोलवा, त्याचा हात कामाचाच असतो, पण फळीआधी हातभर थर्माकोलच्या तुकड्यावर त्याच्यासोबत एक थर चढवा. चोवीस तासांनी नख टेकवा. ठसा उठला किंवा बोट चिकटलं तर माप चुकलं आहे. हार्डनर वाढवून ते सुधारत नाही, नवीन तुकडा घ्यावा लागतो. तुकडा दगडासारखा वाजला तरच फळीला हात लावा. आणि पाण्यात नेताना लाइफ जॅकेट घाला, पाळीवर एकाला उभं करा. फळी माणसाला तरंगवते, पडलेल्याला वाचवत नाही.