चर्चासत्रातील चर्चा आणि तिची दृक्‌श्राव्य नोंद

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. महाराष्ट्रात व्याख्यानपरंपरा रुजली, ती अशा उपक्रमांमुळे. विद्यापीठीय चर्चासत्र या परंपरेला जवळचे असले, तरी त्याची प्रकृती वेगळी आहे. व्याख्यानात वक्त्याचे प्रतिपादन श्रोत्यांपर्यंत पोहोचले की कार्य संपते. चर्चासत्रात ते प्रतिपादन प्रश्नांच्या कसोटीला लागते. म्हणूनच चर्चासत्राचा श्रोतृवर्ग चित्रफितीद्वारे वाढवावयाचा असेल, तर नेमके काय जतन करावयाचे, हा प्रश्न प्रथम विचारात घ्यावयास हवा.

चर्चासत्रानंतर निघणाऱ्या ग्रंथात सुधारलेले निबंध समाविष्ट होतात. चर्चेच्या वाट्याला मात्र ‘निबंधवाचनानंतर उद्बोधक चर्चा झाली’ एवढे एखादे वाक्य येते. कोणी कोणता आक्षेप घेतला, निबंधकाराने कोणता मुद्दा मागे घेतला, हे वाचकास कळत नाही. ओवी, कीर्तन वा बोली यांवरील निबंधांत हानी अधिक होते. कारण तेथे उच्चार, सूर आणि विराम हाच पुरावा असतो. छपाईतून निसटणारे हे दोन्ही घटक दृक्‌श्राव्य नोंदीत टिकू शकतात.

साधनांची उणीव आता फारशी उरलेली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचा उच्चशिक्षणविषयक दूरदर्शन कार्यक्रम १५ ऑगस्ट १९८४ रोजी सुरू झाला, तेव्हा प्रेक्षकास प्रक्षेपणाची वेळ पाळावी लागे. २००५ मध्ये यूट्यूब आल्यानंतर हे बंधन गेले, आणि २०२० च्या टाळेबंदीत चर्चासत्रे संगणकाच्या पडद्यावर भरू लागली. तालुक्याच्या महाविद्यालयातील ज्या अध्यापकास रजा आणि प्रवासखर्च यांअभावी चर्चासत्रास जाता येत नसे, त्यास ती घरबसल्या ऐकता येऊ लागली. तथापि दीपप्रज्वलनापासून आभारप्रदर्शनापर्यंतची पाच तासांची अखंड चित्रफीत अभ्यासकाच्या फारशी उपयोगी पडत नाही. तिचे अभ्याससाधनात रूपांतर करण्यासाठी पुढील चार बाबी आवश्यक वाटतात.

१. ध्वनी : अस्पष्ट चित्र चालू शकते, अस्पष्ट आवाज चालत नाही. प्रश्नकर्त्यास स्वतंत्र ध्वनिक्षेपक द्यावा. ते शक्य नसल्यास सत्राध्यक्षांनी प्रश्नाचा पुनरुच्चार करावा. अन्यथा नोंदीत केवळ उत्तरे उरतात.

२. विभागणी : प्रत्येक निबंध व त्यावरील चर्चा यांची स्वतंत्र चित्रफीत करावी, किंवा वर्णनात मिनिटांनुसार अनुक्रम द्यावा. यूट्यूबवर ०:०० पासून आरंभ करून क्रमाने किमान तीन वेळा नोंदविल्या आणि प्रत्येक भाग किमान १० सेकंदांचा ठेवला, तर तशी प्रकरणे पाडता येतात.

३. लिखित जोड : वक्ता, विषय, दिनांक, उद्धृत ग्रंथ आणि विचारलेले प्रश्न यांचे टिपण सोबत असावे. शोध घेणारा अभ्यासक शब्दांच्या आधारेच चित्रफितीपर्यंत पोहोचतो. श्रवणदोष असलेल्या विद्यार्थ्यासाठी तपासलेली मराठी उपशीर्षके हवीत. यंत्राने केलेल्या लेखनात विशेषनामे आणि बोलीतील शब्द चुकण्याचा संभव असल्याने ते संपादनाविना स्वीकारू नये.

४. संमती : प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ यात १९९४ साली जी दुरुस्ती झाली, तिने नट, गायक, गारुडी यांच्यासमवेत व्याख्यान देणाऱ्यासही ‘प्रयोगकर्ता’ मानले आहे. या अधिकाराची मुदत आता ५० वर्षे आहे. प्रामाणिक अध्यापन वा संशोधन यांपुरत्या मुद्रणास अधिनियमात सवलत आहे. सार्वजनिक प्रसारासाठी मात्र वक्त्याची लेखी संमती आधीच घेणे इष्ट. प्रश्नकर्त्यांनाही मुद्रणाची पूर्वकल्पना द्यावी.

येथे एक अडचण दृष्टिआड करून चालणार नाही. अपुरा, चाचपडणारा प्रश्न विचारण्याचे स्वातंत्र्य हे चर्चासत्राचे बलस्थान होय. आपले शब्द कायम राहणार या जाणिवेने नवा संशोधक गप्प राहिला, तर बाहेरचा श्रोतृवर्ग वाढूनही आतली चर्चा खुंटेल. म्हणून कोणाचाही प्रश्न प्रसारणातून वगळण्याची मुभा असावी. चर्चेचा काही भाग मुद्रणाविना ठेवण्याचा अधिकार सत्राध्यक्षांना असावा.

उपक्रमाचे यश केवळ प्रेक्षकसंख्येवरून मोजू नये; त्या आकड्यात काही क्षणांत निघून गेलेलेही गणले गेलेले असू शकतात. उद्या एखाद्या प्रबंधाच्या तळटीपेत चर्चासत्रातील आक्षेप वक्त्याच्या नावासह व मिनिटासह उद्धृत झाला आणि प्रबंधकाराने त्यास उत्तर दिले, तर त्या चर्चासत्राचा श्रोतृवर्ग खऱ्या अर्थाने विस्तारला, असे म्हणता येईल.