आधी तोंड बघ, मग जंतू

मनू, फोनवर तू घाईत होतीस म्हणून तेव्हा बोलले नाही. हे जरा निवांत वाच.

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला तू तोंडातले जिवाणू घेतलेस याचा मला मनापासून आनंद झालाय. वर्गात कुणी 'एवढंच?' म्हणालं म्हणून तू खट्टू झालीस, ते सोडून दे. डेल्फ्टमधल्या लेव्हेनहूक नावाच्या कापडव्यापाऱ्याने 1683 साली आपल्याच दातांमधला पांढरा थर काढला, पावसाच्या पाण्यात कालवला आणि भिंगाखाली धरला. त्यात दिसलेले वळवळणारे जीव त्याने चित्रांसह लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. रोज मिठाने दात घासणारा माणूस होता तो, तरी ते होतेच. आज तोंडातल्या जिवाणूंच्या 700 हून अधिक जाती माहीत आहेत. तुझ्या विषयाचं घराणं जुनं आहे आणि काम अजून ढीगभर पडलंय.

पण तुझा आराखडा वाचून माझा जीव थोडा खालीवर झाला. कीड लागलेल्या दातांवरून नमुने घ्यायचे, स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स वेगळा करायचा आणि 'किडीचं कारण सापडलं' असं लिहायचं. अगं, तो सापडणारच! तू निवडलेल्या अगारमध्ये भरपूर साखर आणि बॅसिट्रॅसिन आहे. त्यावर म्यूटन्स आणि त्याचे भाऊबंद वाढतात, बाकीचे बहुतेक मागे पडतात. आणि ज्याच्या तोंडात एकही किडका दात नाही, त्याच्याही नमुन्यातून तो वर येईल. मग तुझे परीक्षक विचारतील, इथे कीड का नाही? त्या प्रश्नाचं उत्तर शोधणं हाच तुझा प्रोजेक्ट असू दे, एवढंच मला सांगायचंय. जंतूला कोणत्या परिस्थितीत जोर चढतो ते बघ.

म्यूटन्स निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. क्लार्कने 1924 साली तो किडक्या दातांतून वेगळा केला आणि नंतर कितीतरी वर्षं त्याच्याकडे कुणी फारसं पाहिलं नाही. ऑरलंड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1954 साली जंतूविरहित उंदीर वाढवून त्यांना दात किडवणारा साखरेचा आहार दिला, तरी दात किडले नाहीत. म्हणजे जंतू हवेतच. पण साखरही हवी. म्यूटन्स साखरेपासून एक चिकट पदार्थ बनवतो आणि त्याने दाताला घट्ट धरून राहतो. उरलेल्या साखरेचं आम्ल करतो. थरातला पीएच काही मिनिटांत घसरतो. तो साधारण 5.5 च्या खाली गेला की दातावरच्या आवरणातली खनिजं विरघळायला लागतात. मग लाळ हळूहळू आम्ल धुऊन काढते, गेलेली खनिजं परत देते. सावरायला अर्धा-पाऊण तास तरी लागतो, आणि तेवढ्यात माणसाने पुन्हा गोड चहाचा घोट घेतला की सगळं पहिल्यापासून. असं दिवसभर चाललं की आम्ल सोसणारे जिवाणू टिकतात आणि न सोसणारे मागे हटतात. वस्तीच बदलते. फिलिप मार्शने 1994 साली हेच सूत्र मांडलं. आजार बाहेरून येत नाही, तोंडातली परिस्थिती बिघडली की आतल्यांचंच बळ पालटतं. त्याचा लेख आधी वाच, मग अगार ओत.

म्हणून नमुन्याबरोबर माणसाचा दिवस लिहून घे. गोड किती खाता, यापेक्षा किती वेळा खाता हे विचार. हा धडा स्वीडनमधल्या व्हिपेहोल्मचा. तिथल्या संस्थेतल्या मतिमंद रुग्णांना 1940 च्या दशकात मुद्दाम चिकट टॉफ्या खायला दिल्या, दोन जेवणांच्या मध्ये. कितीतरी जणांचे दात त्यात गेले. दातांना चिकटून राहणारी, अधूनमधून खाल्लेली साखर सगळ्यात वाईट, हे त्यातून कळलं. पण त्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं. ते वाचताना मला आजही पोटात कालवतं. तू कुणाच्या तोंडात कापसाचा बोळा ठेवायच्या आधी हे आठवायला हवंस.

हिरड्यांची बाजू घ्यायची का, असंही तू विचारलंस. माझं मन विचारशील तर जरूर घे. डेन्मार्कमधल्या आर्हूसला हाराल्ड लोअ यांनी 1965 साली एक साधा, सुंदर प्रयोग केला. निरोगी हिरड्यांच्या 12 जणांनी दात घासणं थांबवलं. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. थरात आधी गोल जिवाणू होते, मग लांबट आणि तंतूसारखे आले, शेवटी वळसे घेणारे स्पायरोकीट. घासणं पुन्हा सुरू केल्यावर आठवडाभरात हिरड्या पूर्ववत. मात्र सूज वर्षानुवर्षं राहिली आणि खालचं हाड झिजलं, तर ते असं परत येत नाही. हिरड्यांतून येणाऱ्या रक्ताकडे लोक दुर्लक्ष करतात तेव्हा माझी घालमेल होते ती त्यामुळे.

हिरडीच्या खाचेतला ताजा नमुना एकदा फेज कॉन्ट्रास्टखाली बघच. रंगवू नकोस, जिवंत बघ. आजारी जागेतला असेल तर स्पायरोकीट इतके सळसळत असतात की नजर एका जागी ठरत नाही. तिथलाच पॉर्फिरोमोनस जिंजिव्हालिस वाढवायचा तर धीर लागतो. त्याला ऑक्सिजन चालत नाही. रक्त, हेमिन आणि व्हिटॅमिन के घातलेली प्लेट लागते, आणि जार आठवडाभर उघडायचा नाही. उघडलास की आधी वास येतो, उग्र. मग दिसतात फिक्या वसाहती, दिवसागणिक काळ्या होत जाणाऱ्या. तो काळा रंग रक्तातून घेतलेल्या लोहाचा. आता बघ, हिरडीला सूज आली की खाचेत रक्त झिरपतं, आणि या जिवाणूला हवं तेच अन्न मिळतं. तो थोडाच असला तरी पुरतो. उंदरांवरच्या 2011 च्या प्रयोगात त्याच्या मोजक्या संख्येनेही हाड झिजलं, पण ज्या उंदरांच्या तोंडात दुसरे जिवाणूच नव्हते तिथे झिजलं नाही. मला तर हा निकाल फार मोठा वाटतो. एकटा तो काहीच करू शकला नाही!

नमुना घेण्यात कसूर करू नकोस. हिरडीच्या वरचा थर आधी पुसून काढ, कापसाने जागा कोरडी कर, मगच निर्जंतुक पेपर पॉइंट खाचेत सरकव. नाहीतर लाळेतली सगळी गर्दी तुझ्या प्लेटवर येईल आणि खाचेतलं काय आणि बाहेरचं काय, कळणार नाही. गेल्या तीन महिन्यांत अँटिबायोटिक घेतलंय का, नुकतंच दातांवरचं किटण काढून घेतलंय का, मधुमेह आहे का, हे प्रत्येकाला विचार, बायकांना दिवस गेलेत का तेही. मधुमेहात हिरड्यांचा आजार बळावतो आणि तो आजार साखर आटोक्यात येऊ देत नाही. गरोदरपणात तर थोड्या थरानेही हिरड्या सुजतात.

तंबाखूचं विचारणं सगळ्यात नाजूक. तू जिथून नमुने घेणार आहेस तिथल्या कितीतरी बायका मिश्री लावतात. ती भाजलेली तंबाखूच, पण त्यांच्या लेखी ते दात घासणं असतं. 'तंबाखू खाता का?' असं विचारलंस तर नाही म्हणतील, आणि ते खोटंही नसेल त्यांच्या मते. 'मावशी, दात कशाने घासता? दिवसातून किती वेळा?' असं विचार. सुनेसमोर विचारू नकोस. आणि सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांच्या हिरड्यांतून रक्त येत नाही म्हणून त्यांना निरोगी गटात टाकू नकोस, धुरामुळे रक्त कमी येतं, आजार आत असू शकतो.

निरोगी गट आजारी गटाएवढाच मोठा घे. सगळे याच जागी हात आखडता घेतात, कारण दवाखान्यात निरोगी माणूस येत नाही. रुग्णाबरोबर आलेल्यांना विचार, कॉलेजच्या कर्मचाऱ्यांना विचार.

संमतीपत्राचा मसुदा नैतिकता समितीकडे द्यायच्या आधी मला पाठव. मराठीत लिही, छापील इंग्रजी फॉर्मचं भाषांतर नको. नमुन्याचं काय करणार, दुखेल का, नाही म्हटलं तर उपचार थांबणार का, हे सगळं त्यात साध्या शब्दांत आलं पाहिजे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना तू स्वतः वाचून दाखव, मदतनिसावर सोपवू नकोस. आणि हिरडी आजारी दिसली तर नमुना घेऊन त्यांना तसंच घरी धाडू नकोस, त्याच दिवशी दंतवैद्याकडे पाठवायची सोय आधीच लावून ठेव. त्यासाठी कुणाशी बोलायचं ते मी रविवारी सांगते.