उतरणीचा दिवस

भिवंडीहून निघणाऱ्या ग्रुपला रतनगड ते हरिश्चंद्रगड ही तीन दिवसांची वाट सोयीची पडते. जाताना नाशिक हायवेने घोटी, तिथून शेंडीमार्गे रतनवाडी. येताना खिरेश्वर, खुबी फाटा, माळशेज घाट आणि मुरबाडवरून कल्याण. शिवाय या वाटेवर जुन्या दगडांची सोबत शेवटपर्यंत सुटत नाही. रतनवाडीचं अमृतेश्वर, गडावरचं हरिश्चंद्रेश्वर आणि पायथ्याला खिरेश्वरचं नागेश्वर. झंज राजाने नद्यांच्या उगमापाशी बारा शिवालयं उभारली असं सांगतात, त्यांतली ही तीन. आपल्या लोनाडची लेणी आणि तिथलं पडकं शिवमंदिर पाहत मोठा झालेला माणूस या मंदिरांपाशी जरा जास्तच रेंगाळतो. रेंगाळावंच. फक्त कुठल्या दिवशी, ते आधी ठरवलेलं असावं.

कारण घात होतो तो तिसऱ्या दिवशी. रतनगडाच्या शिड्या, वरचं नेढं, कात्राबाईची खिंड या जागांचा सगळ्यांनाच धाक असतो, म्हणून तिथे प्रत्येक जण पाऊल जपून टाकतो. कुमशेत मागे पडतं, पाचनईहून गड चढून होतो, संध्याकाळी कोकणकड्यावर सूर्य बुडताना बघितला की मनाने माणूस घरी पोचलेला असतो. पाय मात्र अजून गडावर असतात.

आमच्या ग्रुपचं तेच झालं. सकाळी सगळे केदारेश्वराच्या गुहेत गेले. कमरेइतक्या गार पाण्यात ते भलंमोठं लिंग, भोवतीच्या चार खांबांपैकी एकच धड उरलेला. पाण्यात उतरायचं, फोटो काढायचे, बूट पुन्हा चढवायचे, यात ऊन वर आलं. कुणाची पूर्णा-दापोड्याच्या गोदामात दुसऱ्या दिवशी सकाळची शिफ्ट, कुणाला कारखान्यावर हजर व्हायचं. खुबी फाट्यावरची एसटी चुकायला नको म्हणून चालणारे पुढे सुटले आणि ग्रुप दोन तुकड्यांत फाटला.

मी मागच्या तुकडीत होतो. आमच्यातल्या एका तरुणाने ट्रेकसाठी नवे कोरे बूट घेतले होते. टाचेला फोड आला होता, पण आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको म्हणून तो बोलला नाही. ओले मोजे तसेच चढवलेले. गडावरून टोलार खिंडीकडे येताना आधी लहान टेकड्यांचे चढउतार लागतात आणि मग रेलिंग लावलेला कातळटप्पा. तिथे दुखऱ्या टाचेला जपायला त्याने पाय तिरका टाकला, बारीक मुरमावर तो सरकला आणि घोटा मुरगळला. रेलिंग हातात होतं म्हणून निभावलं. बूट काढला तेव्हा मोजा कातडीला चिकटलेला होता. पाणी ओतून ओतून तो सोडवावा लागला. आणि क्रेप बँडेज, मलम, ओआरएस असलेली सॅक पुढच्या तुकडीबरोबर खिंड उतरून गेलेली. मोबाइलला रेंज नाही. ओढणी फाडून घोटा बांधला आणि दोन्ही बाजूंनी खांदा देत त्याला खिंडीतल्या व्याघ्रशिल्पापर्यंत आणलं. पुढची मंडळी वाट पाहून परत फिरली ती तिथे भेटली.

म्हणून जाणाऱ्यांना कळकळीने सांगतो. प्रथमोपचाराची सॅक नेहमी सर्वांत शेवटी चालणाऱ्याकडे द्या. पडणारा, थकणारा, चक्कर येणारा माणूस मागेच सापडतो. उतरताना पुढे ठेवायचा तो सर्वांत सावकाश चालणारा. त्याचा वेग तोच ग्रुपचा वेग. मागचा दिसेनासा झाला की पुढच्याने थांबायचं. प्रत्येकाकडे स्वतःची शिट्टी आणि स्वतःचं पाणी हवं. एकाच्या सॅकमध्ये सगळ्यांचं पाणी हा प्रकार उन्हाळ्याच्या तोंडावर तर जिवावरच बेतेल, वरचे झरे तेव्हा आटलेले असतात.

लीडरने दर विश्रांतीला प्रत्येकाला पायांबद्दल विचारावं. ‘बरा आहेस ना?’ असं विचारलं की कुणीही हो म्हणतं. ‘बूट काढून दाखव’ म्हणावं. टाच चुरचुरायला लागली की लगेच चिकटपट्टी लावली तर फोड बहुतेक वेळा टळतो. कोरडे मोजे जास्तीचे घ्या. बूट नवे असतील तर आधी भिवंडी तालुक्यातल्याच गुमतारा गडावर भरलेली सॅक घेऊन जाऊन या. मग आसनगावचा माहुली करा. माहुलीचा उतार गुडघ्यांचं खरं बळ दाखवतो. ज्याचे गुडघे तिथे बोलतात त्याने दोन काठ्या घ्याव्यात, यात कमीपणा काही नाही.

आणखी एक हिशेब बहुतेक ग्रुप चुकवतात. टोलार खिंड आली की लोक ट्रेक संपला म्हणतात. पुढे रानातली वाट आहे, मग खिरेश्वर, आणि तिथून खुबी फाट्यापर्यंत पिंपळगाव जोगे धरणाच्या भिंतीवरून सुमारे पाच किलोमीटरची सपाट, सावली नसलेली चाल आहे. दुखऱ्या पायाला तीच सर्वांत लांब वाटते. खिरेश्वरहून गाडी आधी ठरवून ठेवा. गडावरच कुणाचा पाय दुखावलेला असेल तर टोलार खिंडीचा हट्ट धरू नका, पाचनईने उतरा. ती वाट सोपी आणि जवळची आहे. दोन जण त्याच्याबरोबर तिकडून, बाकीचे इकडून, असं मात्र कुठल्याशा धारेवर उभं राहून ठरवू नये. आदल्या रात्री, चुलीपाशी सगळे बसलेले असताना ठरवावं.

ट्रेकनंतरचा दिवस सुटीचाच घ्या. शिफ्ट डोक्यावर असलेला माणूस कातळावर घाई करणारच, त्याला कितीही बजावा. तो दिवस हाताशी असला तर खिरेश्वरलाच मुक्काम करता येतो. सकाळी नागेश्वराच्या छतावरचं कोरीवकाम मान वर करून सावकाश बघता येतं, आणि माळशेजवरून कल्याणला जाणारी गाडी धावत न जाता पकडता येते.