एचआयव्हीचं ॲप वापरून बघायला बोलावलंय? आधी खर्च विचारा

उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापुरात एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या एआरटी केंद्रातून किंवा एखाद्या संस्थेकडून तुम्हाला विचारणा होऊ शकते: नवं ॲप वापरून बघाल का? याची फी शून्य. कोणी नोंदणीचे पैसे मागितले, तर तिथूनच परता.

काम सोपं असतं. ‘गोळीची आठवण लावा’, ‘पुढची तारीख शोधा’ असं सांगतात आणि तुम्ही कुठे अडता ते टिपून घेतात. परीक्षा ॲपची असते, तुमची नव्हे. वेळ मात्र पक्का करून घ्या: एकच बैठक की काही महिने? आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी ‘तमा’ ही फोनवरून बोलणारी सेवा ५ दवाखान्यांतल्या ५४ जणांना तब्बल १२ आठवडे वापरायला दिली होती.

अंबरनाथहून उल्हासनगरचं लोकलचं तिकीट ५ रुपये. खरा खर्च रिक्षाचा आणि बुडालेल्या रोजाचा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी सहभागींना देता येते. रक्कम आधीच लिहून घ्या, नंतर घासाघीस होते.

कागद दोनच बघा: नीतिमत्ता समितीची मंजुरी आणि संमतीपत्र. संमतीपत्र मराठी, हिंदी, सिंधी, तुम्हाला कळेल त्या भाषेत मागा. एक प्रत घरी न्या किंवा, घरी कागद सापडण्याची भीती असेल तर, त्यांच्याकडेच ठेवा. १० सप्टेंबर २०१८पासून लागू असलेल्या एचआयव्ही कायद्यानुसार संमतीशिवाय तुमच्यावर संशोधन करता येत नाही. आधारची झेरॉक्स देऊ नका. मधेच सोडलंत तरी गोळ्या थांबत नाहीत. त्या सरकारी केंद्रात मोफतच असतात.

छुपा खर्च तुमच्या मोबाइलमध्ये असतो. घरात एकच फोन असेल, तर लॉक स्क्रीनवर उमटलेलं ‘गोळी घ्या’ सगळे वाचतात. म्हणून बैठकीसाठी संस्थेचाच फोन मागा. ॲपला कॉन्टॅक्ट आणि फोटो बघायची परवानगी नाकारा. रेकॉर्डिंग होतंय का, चेहरा दिसणार का, ते कधी पुसणार, हे सही करण्याआधी विचारा. उत्तर गोलमोल आलं, तर सही करू नका.

फक्त माहिती हवी असेल, तर ॲपची गरजच नाही. १०९७ ही एचआयव्हीची राष्ट्रीय हेल्पलाइन लावा. कॉल मोफत आहे.